आपली माणसं कोण मोजतं?

मराठी साहित्यात ‘घर’ हा शब्द फार लाडावलेला आहे. घर म्हटलं की माजघर आलं, तुळशीवृंदावन आलं, कोकणातला वाडा आला आणि त्या वाड्यावरून भावाभावांत चाललेल्या वाटण्या आल्या. आमच्या घरात वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. चार पत्रे, एक तरट, एक उतरंड अन् भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो.

म्हणून ‘कुटुंब आणि आपलेपणा’ असा विषय कुणी काढला की आपली कार्यकर्ती पोरं जांभया देतात. हा पांढरपेशांचा विषय, म्हणतात. आपला विषय अन्याय, अत्याचार, मोर्चा, निवेदन. मला हे पटत नाही. अन्याय हवेत होत नसतो मित्रांनो, तो कुणाच्या तरी चुलीपाशी येऊन बसतो. पोलिसाच्या कागदावर मेलेला माणूस ‘एक इसम’ असतो. वस्तीत तो कुणाचा तरी भाऊ असतो. ह्या इसमाचा परत भाऊ कसा करायचा, हे ज्या बाईच्या पुस्तकांतून मला दिसलं तिच्याविषयी आज लिहायचं आहे.

तिचं नाव जेस्मिन वॉर्ड. अमेरिकेतली काळी कादंबरीकार.

आता कुणी विचारेल, इथं आपली रड काय कमी आहे म्हणून अमेरिकेला जायचं? त्याला माझं उत्तर असं, की आपण पूर्वीच गेलेलो आहोत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस ह्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती १९६६ च्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपलं नातं जुनं आहे. पण वाचनात आपण मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, फार तर बाल्डविन इथवर येतो आणि थांबतो. जणू नंतर तिथं कुणी लिहिलंच नाही. मेलेल्यांचे फोटो लावायचे आणि जिवंत माणसं वाचायची नाहीत, ही खोड आपल्याला इथंही आहे, तिथल्या बाबतीतही आहे.

जेस्मिनचा जन्म १९७७ चा, कॅलिफोर्नियातला. ब्लॅक पँथर जिथं निघाली त्याच ओकलंडच्या आसपासचा. ती तीन वर्षांची असताना आईबाप आपल्या मुलखात परतले. मिसिसिपी राज्यात, मेक्सिकोच्या आखाताच्या काठाजवळ डीलील नावाचं खेडं आहे, तिथं. एकमेकांच्या नात्यागोत्यातल्या काळ्या माणसांची वस्ती. पुढं बाप घर सोडून गेला. आईनं चार लेकरं एकटीनं वाढवली, गोऱ्यांच्या घरी झाडलोट करून. त्यातल्या एका मालकानं जेस्मिनच्या खासगी शाळेची फी भरली. त्या शाळेत कैक वर्षं ती एकटीच काळी मुलगी. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठ, त्यानंतर मिशिगन विद्यापीठात लेखनाचं शिक्षण.

आईच्या मालकानं भरलेली फी. हे वाचलं आणि मला पुढं वाचवेना. आमची आय तालुक्याच्या गावी सहा घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका बाईंनी त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मला दिली. पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडून मी माझं घातलं. दहावीला मार्क पडले तेव्हा बाई आयला म्हणाल्या, आमच्या पुस्तकांचा गुण हो. आय हसली. घरी येताना वाटेत म्हणाली, “पुस्तकं त्यांची. डोळे कुणाचे?”

जेस्मिन त्या मालकाविषयी कडू लिहीत नाही आणि त्याला ओवाळतही नाही. तिला दिसतं ते एवढंच, की आई जिथं कमरेत वाकून फरशी पुसते तिथूनच आपल्या शाळेचा रस्ता निघाला. हे ओझं तिनं पुस्तकात कुठं उतरवून ठेवलेलं नाही. मला वाटतं आपल्यात आणि तिच्यात इथं एक मोठा फरक आहे. मी कॉलेजला गेलो तो वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर. त्या फॉर्मवर सही करताना माझी मान खाली गेली नाही. मालक फी भरतो ती मेहेरबानी, आणि मेहेरबानीचं व्याज आईच्या कमरेतून वसूल होतं. शिष्यवृत्ती हा हक्क आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ह्या एका अपमानातून सोडवलं, हे मला मिसिसिपीतल्या बाईचं पुस्तक वाचून नव्यानं कळलं.

आता तिच्या मुख्य पुस्तकाकडे येतो. ‘मेन वी रीप्ड’, २०१३ साली आलं. कादंबरी नव्हे, आत्मकथन. नाव हॅरिएट टबमनच्या एका उद्गारावरून घेतलंय. टबमन म्हणजे गुलामगिरीतून स्वतः पळालेली आणि इतरांना पळवून आणणारी बाई. यादवी युद्धातल्या एका लढाईविषयी ती बोलली होती. पीक कापायला गेलो तर हाताला मेलेली माणसं लागली, अशा अर्थाचं.

२००० ते २००४ ह्या काळात जेस्मिनच्या आयुष्यातून पाच तरणी माणसं गेली. पहिला तिचा सख्खा धाकटा भाऊ. वय १९. जुगाराच्या अड्ड्यावर, तिथं ते कायदेशीर असतात, येणाऱ्यांच्या गाड्या लावायचं काम करून रात्री घरी निघाला होता. दारू प्यालेल्या एका गोऱ्या माणसाच्या गाडीनं त्याला मागून उडवलं. त्या गोऱ्यावर माणूस मारल्याचा गुन्हा लागलाच नाही. अपघाताच्या जागेवरून पळाला, एवढाच लागला. पाच वर्षं शिक्षा झाली, तीही त्यानं पुरी भोगली नाही. मग एकानं आत्महत्या केली. एकाची गाडी रेल्वेखाली आली. त्या फाटकाला आडवा दांडा नव्हता आणि दिवे-घंटा धड चालत नव्हत्या, कारण वस्ती काळ्यांची. एकाला त्याच्याच घरापाशी गोळ्या घातल्या. तो कोर्टात साक्ष द्यायला तयार झाला होता. एकाचं हृदय नशेच्या औषधांनी बंद पडलं.

पुस्तकाची मांडणी नीट समजून घ्या. मेलेल्यांची प्रकरणं उलटी लावलेली आहेत. शेवटी गेलेला आधी येतो, भाऊ सर्वांत शेवटी. प्रत्येक प्रकरणाला शीर्षक म्हणून त्या माणसाचं पूर्ण नाव, जन्माची तारीख, मरणाची तारीख. आणि अधल्यामधल्या प्रकरणांत तिच्या घराण्याची गोष्ट सुलटी चालत येते, पूर्वजांपासून पुढं. एक वाट मागं जाते, एक पुढं येते, आणि दोन्ही भावाच्या प्रेतापाशी भेटतात.

तिनं असं का केलं? मला जे कळलं ते सांगतो. ही पाच मरणं सुटी सुटी बघा. आत्महत्या केली, म्हणजे मनाचा कच्चा होता. नशेत गेला, म्हणजे संगत वाईट. रेल्वेखाली आला, नशीब. गोळी लागली, गुंडांचं गुंडांत. गाडीनं उडवलं, अपघात. प्रत्येक मरणाला कारण सापडतं आणि ते कारण मेलेल्याच्याच खिशातून काढून दाखवलं जातं. पण पाचही एकाखाली एक लिहा. मग काम नसलेला गाव दिसतो, शाळेतून गळालेली पोरं दिसतात, मनाचा आजार म्हणजे काय हे सांगायला डॉक्टर नाही हे दिसतं, फाटकाला दांडा न बसवणारं सरकार दिसतं, गोऱ्याला वेगळं कलम लावणारं कोर्ट दिसतं. पुस्तकाच्या शेवटाशी ती मिसिसिपीतल्या दारिद्र्याचे आकडेही देते. पण तिथवर येईतो त्या पाचजणांचं हसणं, नाचणं, चिडणं आपल्या ओळखीचं झालेलं असतं. त्यामुळं आकडा बोचतो.

माझ्या वस्तीचं सांगतो. बालाघाटच्या डोंगरातलं गाव आमचं, ऊसतोडीचं. सात वर्षांत आमची चार पोरं गेली. माझा धाकटा भाऊ २००९ मध्ये, वय २२. बाजारहून येताना एका बागायतदाराच्या पोराची जीप त्याच्यावरून गेली. पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’. त्या अज्ञात वाहनाचा नंबर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. चुलतभाऊ कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटून गेला. मुकादमानं उचल माफ केली, लोक त्यालाच भरपाई म्हणाले. मामाचा पोरगा शहरात ठेकेदाराकडे होता. संडासाच्या टाकीत उतरला, वर आला नाही. ठेकेदारानं सांगितलं, पिऊन आपणहून उतरला. आणि शेजारचा एक डी.एड. झालेला, भरतीची वाट बघत चार वर्षं काढली आणि एका सकाळी विहिरीत सापडला.

अपघात, अपघात, दारू, नैराश्य. पोलीस ठाण्यात चारांचे चार कागद, तीन ‘अकस्मात मृत्यू’चे. चौघांना एका ओळीत ठेवणारा कागद कुठल्याच कचेरीत नाही. ती ओळ आमच्या आयच्या डोक्यात आहे. आय अंगठाबहाद्दर, पण तिला चौघांचे दिवस पाठ. “ह्यो गेला तवा ऊस तुटत व्हता. त्यो गेला जयंतीच्या आदल्या हप्त्यात.” चौघांची नावं ती नेहमी एकापाठोपाठ घेते, मधे श्वास न सोडता. जेस्मिननं पुस्तकात जे केलं ते आमच्या वस्तीत आय रोज करते. फरक इतकाच की आयचं लिहिलं गेलेलं नाही.

आपली चळवळ मेलेल्यांना विसरते असं मी म्हणत नाही. रमाबाई नगर १९९७, खैरलांजी २००६, खर्डा २०१४, ही नावं आपण रक्तात ठेवलीत. ते ठेवलंच पाहिजे. पण हत्याकांडाला निदान नाव पडतं. जो जीपखाली येतो, टाकीत गुदमरतो, विहिरीत उतरतो, त्याच्या मरणाला नाव पडत नाही. तो मोर्चात मावत नाही. टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. अशा मरणाला १० लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. पण भरपाई मागायला आधी ते मरण त्या कायद्यात बसतं हे कुणीतरी म्हणावं लागतं. मामा म्हणत राहिले, माझं पोरगं पीत नव्हतं. कागद म्हणत राहिला, पीत होतं.

आता कादंबऱ्या. जेस्मिननं ‘ब्वा सोवाज’ नावाचं एक खेडं रचलंय, डीलीलवरून बेतलेलं. बहुतेक गोष्टी तिथल्या. पहिली कादंबरी ‘व्हेअर द लाइन ब्लीड्स’ २००८ ची, दोन जुळ्या भावांची. ती कुणी छापेना. लिहिणं सोडून नर्सिंगला जावं अशा बेतात ती आली होती. पुढं तिनं स्वतःच सांगितलंय, की त्या पहिल्या पुस्तकातल्या पोरांवर तिची माया जास्त झाली, त्यांना तिनं वाचवत नेलं, खऱ्या जगात मात्र अशा पोरांना कुणी वाचवत नाही. त्यानंतर तिनं पात्रांना सूट देणं बंद केलं. हे वाक्य आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी भिंतीवर लावावं. आपणही आपल्या नायकाला फार जपतो. तो प्यायलेला नसतो, बायकोला मारत नाही, शेवटी मूठ उगारून उभा राहतो. च्यायला, असा माणूस वस्तीत दाखवा मला.

दुसरी कादंबरी ‘साल्व्हेज द बोन्स’, २०११. बारा दिवसांची गोष्ट. एश नावाची १५ वर्षांची पोरगी, पोटात मूल, अन् कुणाला सांगता येत नाही. आई धाकट्याच्या बाळंतपणात गेलेली. बाप दारूत, पण वादळ येणार हे त्या एकट्यालाच कळलेलं. तीन भाऊ. त्यातल्या स्कीटाचा सगळा जीव चायना नावाच्या झुंजीच्या कुत्रीत अन् तिच्या पिल्लांत. शेवटी ऑगस्ट २००५ चं कॅटरिना वादळ येतं आणि घर पाण्यात जातं. एश शाळेसाठी ग्रीकांची मेडियाची कथा वाचत असते आणि तिच्यात स्वतःला बघते. त्यांच्या पुराणातून तिनं आपलं माणूस काढून घेतलं, जसं आपण एकलव्य आणि शंबूक काढून घेतले.

त्या वादळात जेस्मिन स्वतः घरच्यांबरोबर डीलीलमध्ये होती. घरात पाणी भरलं तेव्हा ही माणसं गाडीत बसून निघाली आणि एका गोऱ्या कुटुंबाच्या रानात थांबली. मालकांनी सांगितलं, घरात जागा नाही, रानात थांबा. वर वादळ फुटलेलं. ‘घरात जागा नाही’ हे वाक्य आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शहरात खोली बघायला गेलं, आडनाव सांगितलं, की आपल्याला ते त्याच आवाजात ऐकू येतं.

तिसरी ‘सिंग, अनबरीड, सिंग’, २०१७. तेरा वर्षांचा जोजो, त्याची चिमुरडी बहीण कायला. बाप मायकल गोरा, पार्चमन तुरुंगातून सुटणार म्हणून आई लिओनी लेकरांना गाडीत घालून त्याला आणायला निघते. लिओनी नशा करते. लेकरं भुकेली आहेत हे तिला दिसत नाही. मुलांना खरं सांभाळतात ते तिचे म्हातारे आईबाप. लिओनीचा भाऊ तरणा असताना मायकलच्या चुलतभावानं गोळी घालून मारला. कोर्टात तो शिकारीतला अपघात ठरला. आणि मायकलचे आईबाप ह्या सख्ख्या नातवंडांना दारातून हाकलतात, काळी म्हणून. रस्त्यात जोजोला एक भूत भेटतं, रिची नावाचं. बारा वर्षांचा असताना खायला चोरलं म्हणून पार्चमनला धाडलेला पोरगा. पार्चमन हा खरा तुरुंग आहे, १९०१ पासूनचा. तिथं कैद्यांकडून कापसाची शेती करून घ्यायचे, गुलामगिरी कायद्यानं संपली त्यानंतर.

ह्या दोन्ही कादंबऱ्यांना अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. कादंबरीसाठी ते दोनदा मिळवणारी ती पहिली बाई. पण मला महत्त्वाची वाटते ती लिओनी. स्वतःच्या समाजातली वाईट आई गोऱ्या वाचकासमोर उघडी करायला धारिष्ट्य लागतं. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आलं तेव्हा आपल्याच लोकांनी दया पवारांना विचारलं होतं, आपली घाण चव्हाट्यावर कशाला? जेस्मिन ती घाण मांडते आणि तिच्याखालचा नळ कुठून फुटलाय तेही दाखवते. मेलेल्या भावाचं दुःख लिओनीला गिळता आलं नाही म्हणून ती नशा करते. भाऊ मेला कारण मारणाऱ्याला अपघाताची सवलत होती. मारेकऱ्याच्या नात्यातल्याच माणसावर तिचं प्रेम बसलं. हे सगळं एका गाडीच्या टपाखाली बसून चाललेलं असतं. वाईट आई कुठून येते, ह्याचं ह्याहून सरळ उत्तर मी वाचलेलं नाही.

आपला कोण, हा प्रश्न तिनं निबंधातूनही सोडलेला नाही. २०१६ मध्ये तिनं ‘द फायर धिस टाइम’ हा संग्रह संपादित केला, बाल्डविनच्या १९६३ च्या पुस्तकाचं नाव फिरवून. ट्रेव्हॉन मार्टिन ह्या सतरा वर्षांच्या पोराला २०१२ मध्ये मारलं, मारणारा सुटला, त्या संतापातून. त्यात तिचा स्वतःचा एक निबंध आहे. थुंकीतून वंश सांगणारी ती नवी तपासणी असते ना, ती तिनं करून घेतली. निकाल आला तर सगळ्यांत मोठा वाटा युरोपचा निघाला, सुमारे ४० टक्के. ती हादरली. ज्यांनी आपल्या लोकांना विकलं त्यांचंच रक्त आपल्यात जास्त. पण त्या टक्क्यांनी ती गोरी झाली नाही, होऊ इच्छितही नाही. तिला ज्यांनी वाढवलं आणि ज्यांच्याबरोबर तिला मार बसला ती माणसं तिची. २०२३ च्या ‘लेट अस डिसेंड’मध्ये तर मालक हाच बाप आहे आणि तो पोटच्या पोरीला गुलाम म्हणून विकतो. रक्ताच्या नात्याची एवढी किंमत.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त हेच मांडलंय. सगळ्यांची रक्तं मिसळून गेल्यावर जात आली, तेव्हा जात रक्त राखते ही थाप आहे. हे आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. मग घरी पोरीसाठी स्थळ बघताना पोटजात विचारतो. मांगवाड्यातल्या मयताला महारवाड्यातून किती माणसं जातात, ते एकदा मोजा. ‘आपला’ हा शब्द उच्चारताना आपण कुठं थांबतो ते तिथं कळेल.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. स्टॅनफर्ड, मिशिगन बघून आलेली, नाव झालेली ही बाई डीलीलला परत गेली. २०१८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात तिनं त्यावर लिहिलं. ज्या राज्यानं भाऊ खाल्ला तिथंच पोरं वाढवायची, ह्याची भीती ती लपवत नाही. तरी तिथं राहिली. आणि आपले बाबासाहेब? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना झोडपलं. खेडं सोडा, शहरात जा, ही शिकवण घेऊन आपल्या दोन पिढ्या उठल्या. मग ह्या बाईचं काय करायचं?

मला वाटतं दोन्हीत भांडण नाही. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती गावकी. मेलेली ढोरं, वेठ, वतनाची लाचारी, पाटलाच्या दारातला जोहार. वस्तीतली माणसं टाका असं ते कुठं म्हणाले? उलट १९५६ मध्ये आग्र्याला ते शिकलेल्यांवरच खंतावले, की ही माणसं वर गेली आणि मागं वळून बघेनात. जेस्मिनही गोऱ्यांच्या मिसिसिपीसाठी परतली नाही. तिचे मेलेले जिथं नावानं ओळखले जातात तिथं ती गेली. मी शहरात राहतो आणि राहणार आहे. गाव माझं नव्हतं, त्याच्यासाठी मला हुंदका येत नाही. वस्तीचं मात्र माझ्यावर देणं आहे, आणि ते भीमजयंतीची पाचशेची पावती फाडून फिटत नाही.

२०२० च्या जानेवारीत जेस्मिनचा नवरा गेला, वय ३३. श्वासाच्या आजारानं. करोनाची साथ पसरायच्या तोंडावर. त्यानंतर मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं मानेवर गुडघा ठेवून मारलं आणि देशोदेशीची माणसं रस्त्यावर आली. घरात दुःख, दारात साथ, आणि दूरदर्शनवर ते लोंढे बघून तिला रडू फुटलं. तिनं सप्टेंबरच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये त्यावर निबंध लिहिला. आपलं मरण आपल्याशिवाय आणखी कुणी बघत असेल, ह्यावर आजवर तिचा भरवसा नव्हता. साक्षीदार आहेत हे दिसल्यावर निराशेतून माणूस वर येतो, असं तिचं म्हणणं. ही गोष्ट मला पटते. माझ्या भावाच्या जीपला साक्षीदार सबंध गाव होता. कागदावर एकही नव्हता.

तेव्हा पोरांनो, पुढच्या जयंतीच्या वर्गणीला घरोघर जाल तेव्हा पावतीपुस्तकाबरोबर एक कोरी वहीही न्या. ज्या घरात तरणं माणूस गेलंय तिथं पाच मिनिटं बसा. लिहून घ्या. नाव पूर्ण. जन्म कधीचा, गेला कधी. काय काम करत होता. पोलिसाच्या कागदावर काय लिहिलंय. आई काय म्हणते. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. शिवाय त्याला काय आवडायचं, गाणं की कुस्ती की कुणी पोरगी, तेही लिहा. नाहीतर तो परत इसम होईल. पन्नास घरं झाली की वही उघडून बघा, ओळ आपोआप दिसेल. मग निवेदन लिहा, कविता लिहा, भरपाईचा अर्ज करा, काय ते करा. छापायचं असेल तर मात्र आधी त्या आईला विचारा.

आमच्या वस्तीतली चार नावं मी लिहून काढलीत. इथं छापलेली नाहीत. दोन आयांनी हो म्हटलंय, त्यातली एक माझी. दोघींना अजून विचारायचंय.